थांबताना पडताय? आधी पेडलचा स्क्रू बघा

तुम्ही प्रश्नात लिहिलंय: वय ४७, वजन ५१ किलो, बूट ३७ नंबरचा. नव्या रोड बाइकला तीन स्क्रूंच्या क्लीटची क्लिपलेस पेडल लावून मिळाली. (क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला स्क्रूंनी बसवलेला तुकडा. तो पेडलमध्ये अडकतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो.) तीन आठवड्यांत चार वेळा पडलात, चारही वेळा थांबताना. डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतंय. सोबतचे सगळे म्हणतात, 'भीती काढून टाका, होईल सवय.' आणि शेवटी तुम्ही विचारलंय की क्लिपलेस बायकांना जमतच नाही का. तो शेवटचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जमतं, अगदी छान जमतं. पण मला आधी एक सांगा, पेडलच्या मागच्या बाजूला जो बारीक स्क्रू आहे, क्लीट किती घट्ट धरायची ते ठरवणारा, तो कुणी तुमच्यासाठी फिरवून दिलाय का? माझी खात्री आहे की नाही.

लुक ही कंपनी मुळात बर्फावरच्या स्कीची बाइंडिंग बनवायची. तेच तंत्र तिने १९८४ मध्ये सायकलच्या पेडलमध्ये आणलं, आणि १९८५ ची टूर द फ्रान्स बर्नार इनोने ती पेडल वापरून जिंकली. त्याआधी चवड्यावर पिंजऱ्यासारखी टो-क्लिप आणि पट्टा असायचा. तो गेला म्हणून नाव पडलं 'क्लिपलेस'. आता बघा, स्कीच्या बाइंडिंगची स्प्रिंग आजही माणसाचं वजन, उंची, वय आणि बुटाची लांबी विचारून लावली जाते, कारण पडल्यावर पाय सुटला नाही तर तो मोडतो. पेडलमध्ये स्प्रिंग आली, तिचा स्क्रू आला, पण माणूस बघून तो लावायची शिस्त काही आली नाही. ८५ किलोच्या गड्याला आणि ५० किलोच्या बाईला तीच पेडल, त्याच घट्टपणावर दिली जातात. आत बसवताना आपण वरून देतो ते आपलं वजन, आणि बाहेर काढताना वापरतो तो आपल्या बुटाच्या लांबीचा दांडा. दोन्ही आपल्याकडे कमी. मग ती पेडल आपल्याला जड जाणारच, यात धीराचा काय संबंध?

मी स्वतः पहिले दोन महिने रोज पोटात गोळा घेऊन निघायचे. एकदा थांबताना टाच फिरवली, ती फिरलीच नाही, आणि सायकलसकट उजव्या कोपरावर आदळले. बरोबर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या एक बाई होत्या. त्यांनी मला उठवलं, कोपर पाहिलं, मग रस्त्याकडेला गुडघे टेकून बसल्या आणि खिशातली ॲलन की काढून माझ्या पेडलचा स्क्रू उलटा फिरवायला लागल्या. टक्, टक्, टक्. दोन्ही पेडलचा घट्टपणा अगदी कमीवर आणला. म्हणाल्या, 'आता टाच फिरव.' सायकल त्यांनी धरली होती. पाय असा सुटला की मी दोनदा खाली वाकून बघितलं, क्लीट नीट बसली होती ना म्हणून. त्या दिवसापासून मी कुणाही नव्या मुलीला आधी स्क्रूबद्दल विचारते, बाकी सगळं नंतर.

तर आजच हे करा. बहुतेक पेडलना २.५ किंवा ३ मिलिमीटरची ॲलन की लागते. घड्याळाच्या उलट दिशेला फिरवलं की सैल. बाजूला छोटी खूण किंवा काटा असतो, तो कमीच्या टोकाला आणा. त्यापुढे फिरवून स्क्रू बाहेर काढू नका. दोन्ही पेडल सारखी ठेवा. (कुणाकडे दोन्ही बाजूंनी बसणारी एसपीडी पेडल, म्हणजे शिमानोची दोन स्क्रूंच्या छोट्या क्लीटची, असतील तर एका पेडलला दोन, असे एकूण चार स्क्रू असतात. एक राहून गेला तर पाय एका बाजूला सहज सुटतो आणि दुसऱ्या बाजूला अडकतो, आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.) सैल ठेवल्यावर जोर लावताना पाय आपोआप निघाला तर एक-दोन टकटक घट्ट करा. आपल्या वजनाच्या बायकांना बहुधा ती वेळ येत नाही.

आता थांबण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की डावा पाय काढला तरी उजवीकडे पडता. हे अगदी नेहमीचं आहे, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा सीटवर बसून राहण्यात असतं. सीटची उंची बरोबर असेल तर सीटवर बसून पाय जमिनीला टेकत नाही, टेकूही नये. बाई बसल्या जागेवरून चवड्याने जमीन शोधायला जाते, तोल जातो, आणि अडकलेल्या पायाच्या बाजूला पडते.

क्रम असा ठेवा. थांबायच्या बरंच आधी, सायकल चालत असतानाच, हलका गिअर टाका. डावं पेडल सगळ्यात खाली आलं की टाच बाहेरच्या दिशेला फिरवून पाय सोडवा. वर ओढायचं नाही. घाबरलं की पाय वर ओढला जातो आणि वर ओढलेली क्लीट आणखीच धरून बसते. सुटलेला पाय तसाच पेडलवर ठेवून अर्धा फेरा मारा, म्हणजे अडकलेला उजवा पाय खाली येईल. आता ब्रेक दाबत त्या उजव्या पायावर उभ्या राहा, सीटवरून पुढे सरका आणि डावा पाय जमिनीवर ठेवा. अगदी शेवटच्या क्षणी हँडल किंचित उजवीकडे वळवलं तर सायकल आपसूक डावीकडे, म्हणजे मोकळ्या पायाकडे कलते. हे वाचताना किचकट वाटेल. गवतावर वीस-पंचवीस वेळा केलं की अंगात बसतं. त्याआधी एका हाताने भिंत धरून नुसतं आत-बाहेर, आत-बाहेर करा, दोन्ही पायांनी.

निघताना घाई नको. दुसरा पाय लगेच बसला नाही तर त्याच्याकडे बघत बसू नका. तळव्याचा मधला भाग पेडलवर ठेवून दोन फेरे मारा, वेग येऊ द्या, मग बसवा. तुमच्या प्रकारच्या पेडलचं मागचं टोक जड असल्याने ते खाली लटकतं आणि नाक वर येतं. क्लीटचं टोक आधी नाकात अडकवायचं आणि मग खाली दाबायचं.

गुडघ्याचं दुखणं मात्र सवयीने जाईल म्हणून वाट बघू नका. क्लीटचा रंग बघा. शिमानोच्या एसपीडी-एसएल या तीन स्क्रूंच्या प्रकारात लाल क्लीट पायाला अजिबात हलू देत नाही, निळी २ अंश, पिवळी ६ अंश मोकळीक देते. लुकच्या कीओ पेडलमध्ये काळी शून्य, करडी ४.५, आणि तिथे लाल म्हणजे ९ अंश, नेमकं उलटं. या गोंधळात बऱ्याच जणी चुकीची जोडी घेतात. सरासरीने बायकांची कंबर मांडीच्या हाडाच्या मानाने रुंद, म्हणून मांडी गुडघ्याकडे जरा जास्त तिरकी उतरते. पण हे सरासरीचं झालं, आपला पाय कसा आहे ते पाहणं महत्त्वाचं. उंच टेबलावर पाय लोंबकळत सोडून बसा. पावलं बाहेर वळलेली दिसली आणि क्लीट त्यांना सरळ धरून ठेवत असेल, तर तो पीळ गुडघ्यावरच येणार. क्लीटचा कोन पावलाप्रमाणे लावा. क्लीट बुटाच्या आतल्या कडेकडे सरकवली की पाऊल क्रँकपासून (पेडल ज्या दांड्याला लागतं त्यापासून) बाहेर जातं. तेवढ्याने भागलं नाही तर ४ मिलिमीटर लांब आसाची पेडलही मिळतात. पुढे-मागे बघायचं तर अंगठ्यामागचा उंचवटा पेडलच्या आसावर किंवा त्याच्या किंचित पुढे यावा. लहान बुटात दोन-तीन मिलिमीटरचाही फरक जाणवतो, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि जुन्या जागेभोवती पेनने रेघ मारून ठेवा. एवढं करूनही दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

तीन स्क्रूंचीच क्लीट हवी असाही काही नियम नाही. एकटीने फिरताना वाटेत उतरावं लागतं, चालावं लागतं, आणि त्या मोठ्या प्लास्टिकच्या क्लीटवर गुळगुळीत फरशीवर चालणं धोक्याचं आहे. दोन स्क्रूंच्या एसपीडीत धातूची छोटी क्लीट तळव्याच्या खोबणीत बसते, बूट चालण्याजोगे असतात. त्यात नेहमीची एसएच ५१ न घेता एसएच ५६ घ्या. ती एकाहून जास्त दिशांनी सुटते, घाबरून पाय तिरका वर ओढला तरी. शिकताना मला हीच सगळ्यात बरी वाटते.

अजून एक, तुमच्या वयामुळे लिहिते. पाळी थांबण्याच्या सुमारास आणि नंतर हाडांची घनता झपाट्याने कमी होते, आणि उभ्या जागी पडताना हात पुढे टेकला की मनगट मोडू शकतं. हाडं ठिसूळ आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर पकड देणारी खुंट्यांची फ्लॅट पेडल आणि सपाट, चिकट तळाचे बूट घ्या, आणि कुणाचं ऐकू नका. एकसारख्या मध्यम वेगाने चालवताना क्लिपलेसमुळे मोठी ताकद वाचते असं नाही. तिचा खरा उपयोग जोरात पळवताना आणि खडबडीत रस्त्यावर पाय जागेवर राहावा म्हणून. मी स्वतः गर्दीच्या रस्त्यांसाठी एका बाजूने क्लिपची आणि दुसऱ्या बाजूने सपाट पेडल वापरते.

आधी स्क्रू सैल करा, दोन दिवस गवतावर थांबायचा सराव करा. मग क्लीटचा रंग आणि कंपनी इथे लिहा, म्हणजे गुडघ्याचं पुढे बघता येईल.