माळ्यावरचं जपानी इंजिन: रंग राहू द्या, आधी सेलचं घर बघा

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला आधी हात घालतो, कारण सगळ्यात जास्त वाटोळं तिथेच होतं. पत्र्याच्या त्या खेळण्यातल्या रेल्वे इंजिनाला स्प्रे पेंट मारू का, असं विचारलंत. नको. अजिबात नको. कोपऱ्यातल्या गंजाच्या ठिपक्यांवरसुद्धा नको.

बाकी तुम्ही लिहिलंय ते असं: मामा बोटीवर होते, त्यांनी कोबेहून आणलेलं फूटभर लांबीचं काळं-लाल इंजिन माळा आवरताना सापडलं, पोटात टॉर्चचे दोन मोठे सेल गळलेले, बटण सरकवलं तर ढिम्म. खाली ‘मॉडर्न टॉइज’ आणि ‘मेड इन जपान’. हा टोकियोच्या मासुदाया कंपनीचा शिक्का. नुसतं ‘जपान’ आहे, ‘ऑक्युपाइड जपान’ (महायुद्धानंतर जपान परक्या ताब्यात असतानाचा शिक्का) नाही, म्हणजे बहुधा तो ताबा सुटल्यानंतरचं, १९५२ नंतरचं. मामांच्या नोकरीची वर्षं आठवत असतील तर त्यावरून आणखी जवळ जाता येईल.

आता रंग का नको ते. हे इंजिन रंगवलेलं नाहीच, छापलेलं आहे. पत्रा सपाट असतानाच त्यावर रिव्हेट, खिडक्या, पितळी पट्टे सगळं छापायचे, मग ठशात दाबून आकार द्यायचे आणि कडेच्या छोट्या जिभा खाचांत घालून वाकवायचे. म्हणजे तुमच्या हातात आहे तो शाईचा पापुद्रा आणि वर पातळसं व्हार्निश. मी माझ्या पहिल्या इंजिनावर मोठ्या हौसेने थिनरचा बोळा फिरवला होता. कॅबच्या खिडकीतला ड्रायव्हर अख्खा कापसावर आला. ते इंजिन अजून माझ्या कपाटात आहे, बिनड्रायव्हरचं. तेव्हा थिनर, स्पिरिट, भांड्यांची पावडर, काही नको. जरा ओलसर मऊ फडका, लगेच कोरडा फडका, बस्स.

आता चालू करण्याचं. मोटर गेली असं गृहीत धरून लोक आधी इंजिन उघडतात. उघडू नका. त्या पत्र्याच्या जिभा दोन-तीनदा सरळ-वाकड्या केल्या की मुळातून तुटतात, आणि मग दुरुस्ती म्हणजे डिंक नि देव. सेलच्या झाकणातून आत बघा, मोटरकडे जाणाऱ्या दोन तारा बहुतेक दिसतील. बाहेरून दोन चांगले सेल जोडून त्यांची टोकं थेट त्या तारांच्या सोल्डरच्या डागांना टेकवा. मोटर घुरघुरली तर ती जिवंत आहे आणि दुखणं सेलच्या घरात किंवा बटणात आहे. माझ्या हाताखालून गेलेल्यांत बहुतेकांचं दुखणं हेच निघालं.

सेलच्या घरातली घाण काढायला सगळीकडे ‘व्हिनेगर लावा’ सांगतात. ते अर्धंच खरं. गळलेला सेल अल्कलाइन असेल तर त्यातला रस अल्कधर्मी असतो, वाळून पांढरी भुकटी होते, तिथे लिंबाचा किंवा व्हिनेगरचा थेंब चालतो. पण जुने साधे झिंक-कार्बन सेल गळले तर रस आम्लधर्मी असतो, तिथे खायच्या सोड्याचं पाणी हवं. तुमच्या सेलवर काय लिहिलंय ते वाचा. काहीही वापरलंत तरी इअरबडने, थेंबाथेंबाने, बाहेरच्या छपाईला न लागू देता. नंतर ओल्या इअरबडने पुसून हेअर ड्रायरच्या गार हवेने वाळवा. व्हिनेगर तसंच राहिलं तर तेच पत्रा खायला लागतं.

आता खरी मेख. सेलला टेकणारी धातूची पट्टी घासून लख्ख केलीत, सेल घातले, तरी इंजिन चालत नाही किंवा मेल्यासारखं चालतं. कारण पट्टी पुठ्ठ्यावर रिव्हेटने ठोकलेली असते आणि गंज त्या रिव्हेटच्या खाली शिरलेला असतो. वरून दिसत नाही. मल्टिमीटर लावा: बटण चालू ठेवून सेलच्या टोकांवर ३ व्होल्टच्या आसपास आणि मोटरवर एक-सव्वा दिसलं, तर बाकीचं वाटेत गळतंय. रिव्हेट काढू नका, पुठ्ठा चिरफाळतो. पट्टीच्या टोकाला बारीक कानशीने चमक आणा आणि तिथून पुढच्या तारेपर्यंत एक पातळ तार डाग देऊन जोडा. आतल्या बाजूला राहते, कुणाला दिसत नाही, उद्या काढावीशी वाटली तर निघते.

चालू झालं की उलटं धरून बघा. पुढच्या बाजूला पोटाखाली एका गोल चकतीत बसवलेली चाकांची जोडी असेल, तर हे इंजिन भिंतीला धडकून आपोआप वळणारं आहे. मोटर त्या चाकांना फिरवते आणि चकती स्वतःभोवती मोकळी असते. समोर अडथळा आला की चाकं अडतात, चकती घुमते, इंजिन दुसरीकडे तोंड करतं. रूळ लागतच नाहीत. ही चकती हाताने सहज फिरली पाहिजे. अडत असेल तर तिथे केस आणि गोधडीचे दोरे गुंडाळलेले असतात, चिमट्याने ओढा. मग धुऱ्याला शिलाई मशिनच्या तेलाचा एकच थेंब, टाचणीच्या टोकाने. खोबरेल घालू नका, चिकट होतं. चाकांवरचं रबर दगडासारखं झालं असेल तर योग्य मापाची ओ-रिंग, म्हणजे रबराचं गोल कडं, बसते.

सुटे भाग मिळतील या आशेवर मात्र राहू नका. टोमी या जपानी कंपनीच्या प्लारेल या प्लास्टिकच्या खेळण्यातल्या रेल्वेची गोष्ट निराळी. ती १९६१ पासून सेलवर धावतेय आणि तेव्हाच्या निळ्या रुळांना आजचे रूळ जोडता येतात. पत्र्याच्या खेळण्यांत असं काही नाही. गरारी तुटली तर दात मोजून, व्यास मोजून जुळणारी शोधत बसायचं.

सेल साधे घाला किंवा रिचार्जेबल घाला. रिचार्जेबल दोन मिळून २.४ व्होल्ट देतात, इंजिन थोडं सावकाश चालतं, म्हाताऱ्या मोटरला तेच बरं. लिथियमचे ३.७ वाले चुकूनही नको. चिमणीतून धूर काढणारं मॉडेल असेल तर धुरासाठी आत असलेली तापणारी तार सध्या जोडू नका. खेळून झालं की सेल बाहेर.

विकायचं की ठेवायचं, तो तुमचा प्रश्न. खोका असेल तर फाटका असला तरी टाकू नका, एवढंच सांगतो. आधी मोटरला बाहेरून तारा लावून काय होतं ते कळवा, आणि पोटाखालचा एक फोटो टाका, उजेडात काढलेला.