तलावाचे हिरवे पाणी आणि तळाचा गाळ

ठाण्यातील आपल्या घराजवळच्या तलावात येणारे सांडपाणी दोन वर्षांपूर्वी बंद झाले, कारंजेही चालू आहे, तरीही उन्हाळ्यात पाणी हिरवेगार होते आणि पहाटे मेलेले मासे तरंगताना दिसतात. तेव्हा जिवाणूंची पावडर टाकावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते टाकू नये, कारण दुखणे गाळात आहे आणि गाळात जिवाणूंची मुळीच वाण नाही.

मेलेले शेवाळ, पाने आणि निर्माल्य कुजवताना हे जिवाणू आधी प्राणवायू वापरतात. असा गाळ साचलेल्या तलावात तो वरच्या काही मिलिमीटरांतच संपतो. त्यानंतर नायट्रेट, मँगनीज व लोहाची ऑक्साइडे, मग सल्फेट अशी पाळी येते आणि सर्वांत खाली मिथेन तयार होतो. काठीने गाळ ढवळला की वर येणाऱ्या बुडबुड्यांत तोच असतो. यातली लोहाची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. प्राणवायू असेपर्यंत गंजलेले लोह फॉस्फेटला, म्हणजे शेवाळाच्या खताला, धरून ठेवते, पण तो संपला की लोह विरघळते आणि फॉस्फेट मोकळे होऊन पाण्यात येते, हे सरोवरांचे अभ्यासक मॉर्टिमर यांनी इंग्लंडमधील एस्थवेट वॉटर या सरोवरावर काम करून 1941-42 मध्येच दाखवून दिले. म्हणजे सांडपाणी थांबले, तरी वर्षानुवर्षे साठलेले खत तळातून मिळतच राहते.

मी पारदर्शक नळी गाळात रोवून नमुने काढत आलो आहे. जानेवारीत गाळावर दुधाच्या सायीइतका पातळ तपकिरी थर दिसतो. मे महिन्यात तो नाहीसा होऊन गाळ वरपर्यंत काळा पडलेला असतो आणि त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. 30 अंशांच्या पाण्यात मुळातच लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. रात्रभर शेवाळ आणि गाळ दोघेही तो वापरतात, म्हणून मासे पहाटे मरतात.

नायट्रेटचा वायू करून जिवाणू नायट्रोजन हवेत घालवू शकतात, फॉस्फेटमधल्या फॉस्फरसच्या बाबतीत मात्र अशी वाट नाही. कोणतीही पावडर टाकली, तरी तो तलावातच राहतो. स्वीडनमधील ट्रुमेन सरोवर 1970 आणि 1971 मध्ये वरचा गाळ उपसल्यानंतरच सुधारले. आपल्याकडेही गाळ काढावाच लागेल, तोही सांडपाणी पुन्हा कुठून झिरपत नाही ना, याची खात्री करून.

त्याआधी प्राणवायू मोजून घ्या, पण दुपारी काठावर उभे राहून नव्हे. सूर्योदयापूर्वी, तलावाच्या मध्यावर, तळापासून वीतभर वरचे पाणी तपासा.