दंडावरचा फोड आणि आजोबांचा टीबी

प्रश्न: बाळ दीड महिन्याचं आहे, बीसीजीच्या, म्हणजे टीबीच्या लसीच्या, जागी फोड येऊन पू दिसतोय. सासऱ्यांना नुकताच फुफ्फुसाचा टीबी निघालाय, त्यांनीही लहानपणी लस घेतली होती, मग उपयोग काय?

उत्तर: ताई, आधी फोडाचं. तो पिळू नका, मलम लावू नका, खपली धरून लहानसा वण राहील, हे नॉर्मल आहे. आता लसीचं. काल्मेट आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईच्या टीबीचा जंतू 13 वर्षं वाढवत वाढवत दुबळा केला आणि 1921 मध्ये पॅरिसला पहिल्यांदा बाळाला दिला, तीच ही लस. ती तान्ह्या बाळांना मेंदूच्या टीबीपासून चांगलं वाचवते, पण मोठ्यांच्या फुफ्फुसाचं तसं नाही. तामिळनाडूत चेंगलपट्टूला 1968 पासून मोठी चाचणी झाली, त्यात मोठ्यांना फायदाच दिसला नाही. कारण काय, तर एक अंदाज असा की आपल्याकडे माती-पाण्यात याच जंतूची भावंडं असतात, शरीराची त्यांच्याशी आधीच ओळख झालेली असते आणि मग लसीचा परिणाम झाकला जातो. म्हणून लस दिलीय म्हणून निर्धास्त राहू नका हो, घरात टीबी आहे तर बाळाला याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात दाखवा, तपासणी करून प्रतिबंधक औषध फुकट मिळतं.