‘आम्ही जिंकलो’, ‘हा हरला’

“मॅडम, याला हार पचतच नाही.” हे वाक्य समुपदेशनासाठी येणाऱ्या इतक्या पालकांकडून ऐकलंय, की हल्ली ते कानावर पडलं की मी मुलाकडे नाही, बोलणाऱ्याकडे बघते.

त्या दिवशी समोर तेरा वर्षांचा बुद्धिबळपटू होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत हरून तो दुसरा आला आणि त्यानंतर पटाला हात लावेना. वडील भडाभडा बोलत होते. “मागच्या वेळी आम्ही पहिले आलो. यंदाही सहाच्या सहा फेऱ्या जिंकल्या आम्ही. आणि शेवटच्या फेरीत हा हरला!”

मी वहीत दोनच शब्द टिपले : ‘आम्ही’ आणि ‘हा’. तेव्हा बोलले काहीच नाही. पकडलेला शब्द लगेच तोंडावर फेकला की माणूस बचावाला उभा राहतो.

पहिल्या दोन भेटींत मुलगा हूं की चूं करेना. तिसऱ्या वेळी मी त्याला डावांच्या नोंदी आणायला सांगितलं. स्पर्धेत खेळाडू आपल्या चाली कागदावर उतरवत जातो, ते कागद. फाईल तारीखवार लावलेली होती. सगळे जिंकलेले डाव.

“हरलेले कुठायत?”

“फाडतो.”

“तो शेवटचाही?”

जरा वेळाने दप्तराच्या आतल्या कप्प्यातून चार घड्यांचा कागद निघाला. “यात एक चाल आहे,” तो पुटपुटला आणि पट मांडू लागला. तेविसाव्या चालीला त्याने आपला हत्ती देऊन टाकला होता. समोरचा वीस मिनिटं डोकं धरून बसला म्हणे. “इतकी भारी चाल मला आधी कधीच सुचली नव्हती.” पुढे वेळ कमी उरला, घोडा चुकला, डाव गेला.

“म्हणजे तू डाव हरलास.”

“मीच हरलो ना!”

“हरलास, खरंय. पण ‘हरलेला’ झालास का? आणि हा हत्ती कोणी दिला मग?”

तो कागदाच्या घड्या बोटाने सरळ करत राहिला. मग म्हणाला, “जिंकलो की बाबा सगळा डाव लावून बघतात. हरलो की विचारतसुद्धा नाहीत.”

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी भिस्त आहे. कृतीचं मोजमाप जरूर करा, अख्ख्या माणसाचं नको, असं ती सांगते. मुलाला हे एका हत्तीवरून कळलं. वडिलांना मात्र वही दाखवावी लागली. ते बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत होते. “विषय काढला तर त्याला लागेल, असं वाटायचं हो.” वाईट हेतू नव्हताच, क्वचितच असतो.

त्यांना मी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकवरचा अभ्यास सांगितला. रौप्यपदक मिळालेल्यांपेक्षा कांस्यपदक मिळालेले जास्त खुश दिसले होते. एकाला हुकलेलं सोनं दिसत होतं, तर दुसऱ्याला हुकता हुकता हाती लागलेलं पदक.

पालकांना माझं सांगणं असतं, की “होतं असं, पुढच्या वेळी जिंकू” हे लगेच म्हणू नका. त्यातही जिंकणंच मोठं ठरतं. एक संध्याकाळ त्याला रडू द्या. मग विचारा, कुठली चाल खेळताना मजा आली? आणि हाच प्रश्न जिंकल्यावरही विचारा. हे बहुतेक जण विसरतात.

शेवटच्या भेटीला वडिलांनी तो चुरगळलेला कागद स्वतःच टेबलावर पसरला. “हत्ती का दिलास, मला अजून कळलं नाहीये.”

“तुम्ही काळ्याच्या बाजूने बसा, बाबा,” मुलगा सोंगट्या लावत म्हणाला, “मग कळेल.”