अर्धवट बांधलेली स्ट्रॅटोस रेप्लिका घेऊन तिच्यात टर्बो बसवावा का?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये लान्चिया स्ट्रॅटोस या सत्तरच्या दशकातल्या इटालियन रॅली गाडीची एक अर्धवट बांधलेली रेप्लिका, म्हणजे नक्कल, मिळतेय, सोबत अल्फा रोमिओचं ३ लिटरचं व्ही-६ इंजिन आहे, आणि ताकद वाढवायला त्या इंजिनाला टर्बो लावायचा विचार आहे. माझी अशीच गाडी गॅरेजमध्ये आहे, म्हणून लिहितो. गाडी घ्या, टर्बो विसरा.

मारुती ८०० आठवते ना? तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,१७५ मिलिमीटर. स्ट्रॅटोसचं २,१८०. म्हणजे मारुतीएवढ्याच चाकांच्या अंतरात, पाठीमागे आडवं बसवलेलं इंजिन. बेर्तोने या डिझाइन कंपनीच्या मार्चेल्लो गांदिनीने ती रॅलीसाठीच आखली होती. घाटातल्या वळणावर झटकन फिरावी हाच हेतू. मूळ रस्त्यावरच्या गाडीत फेरारी डिनोचं २,४१८ सीसी इंजिन होतं, १९० अश्वशक्तीचं. १९७४, ७५ आणि ७६ अशी सलग तीन वर्षं जागतिक रॅली विजेतेपद याच गाडीने लान्चियाला मिळवून दिलं. लान्चियाचा रॅलीचालक सान्द्रो मुनारी १९७५ ते ७७ मॉन्टे कार्लो रॅली ओळीने जिंकला. पण तो मुनारी. ओल्या रस्त्यावर मध्येच ॲक्सिलरेटर सोडला की आपल्यासारख्याची गाडी गर्रकन फिरते, आणि मग तिचं तोंड आपण जिकडून आलो तिकडे असतं. माझं एकदा झालंय. शेत होतं म्हणून वाचलो.

तेव्हा टर्बोचे पैसे चाकांच्या अलाइनमेंटवर घाला. मागच्या चाकांचा टो-इन, म्हणजे पुढच्या कडा किंचित आत वळलेल्या असणं, जरा जरी चुकला तरी सरळ रस्त्यावर गाडी भरकटते. चारही चाकांवरचं वजन तोलून सस्पेन्शन बसवणारा माणूस शोधा, नेहमीच्या टायरवाल्याचं हे काम नाही. स्टीअरिंग हाताळताना फरक असा कळतो की माझ्या गाडीचं हे काम झालं त्या दिवशी मी उगाच पन्नास मैल फिरून आलो.

दुसरं कूलिंग. रेडिएटर नाकात, इंजिन पाठीत, मधे लांबलचक पाइप. त्यात हवा अडकली की तापमानाचा काटा शांत दिसतो आणि इंजिन शिजत असतं. सर्वांत उंच जागी हवा काढायचा स्क्रू आहे का ते बघा. नसेल तर बसवा. अल्फाच्या त्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, त्यामुळे विकणारा 'नवीनच आहे' म्हणाला तरी बेल्ट, त्याला ताण देणारा टेन्शनर, वॉटर पंप तिन्ही बदला. इंजिन गाडीत बसण्याआधीच. नंतर सीटमागच्या भिंतीतून हात घालून ते काम करताना माणूस शिव्या शिकतो.

वायरिंगचं एक कुणी सांगत नाही. बॉडी फायबरग्लासची, म्हणजे तिच्यातून वीज परत जात नाही. प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थ वायर हवी. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने ती दोन-तीन दिव्यांना मिळून एकच दिली होती. डावा इंडिकेटर लावला की मागचे दिवे तालात मिणमिणायचे. दोन आठवडे मी फ्यूज बदलत बसलो.

आणि सगळ्यांत आधी कागद. गाडीला व्ही-फाइव्ह-सी, म्हणजे तिथलं नोंदणीचं कागदपत्र, आहे का, आणि त्यावर नेमकं काय लिहिलंय? काही जुन्या रेप्लिका ज्या गाडीचे भाग वापरले तिच्याच नावावर फिरतात, आणि ते पुढे अंगाशी येऊ शकतं. नोंदणीच झालेली नसेल तर आयव्हीए, म्हणजे रस्त्यावर आणण्याआधीची तिथली सरकारी तपासणी आली. तिथे बाहेरच्या धारदार कडासुद्धा मोजतात, २.५ मिलिमीटरची गोलाई लागते. म्हणून भाव ठरवायच्या आधी विकणाऱ्याला त्या कागदाचा फोटो मागा. तो टाळाटाळ करायला लागला तर मला कळवा, मी बघायला सोबत येईन.