इंजिनाला कर्ज नको, पण आधी ती ‘एफडी’ एफडी नाही हे समजून घ्या

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

“वय 49. कारखान्यात टूलरूम सुपरवायझर आहे. हातात पगार 85 हजार. गृहकर्ज फिटलं. पत्नी घर सांभाळते, मुलगी अकरावीत. नेरळ-माथेरानच्या जुन्या वाफेच्या इंजिनाचं सव्वासात इंची रुळावर चालणारं मॉडेल बांधायचं आहे. नुसतं शोभेचं नव्हे, मागे बसून जाता येईल असं. लेथ आणि मिलिंगला 4 लाख, कास्टिंग, तांबं, हत्यारं यांना 3 लाख धरले आहेत. बँकेत पाच वर्षांची एफडी चालू आहे, वर्षाला दीड लाख. दोन हप्ते भरले, तिसरा पुढच्या महिन्यात. पाच वर्षांनी 10 लाख येतील. तोवर थांबू, की 4 लाखांचं पर्सनल लोन काढून मशीन आत्ताच घेऊ? इंजिन तयार झालं की 15 लाखांना सहज जाईल. ता. क. बाँडवर ‘पीपीटी 10, पीटी 20’ लिहिलंय, म्हणजे काय? फोटो जोडला आहे.”

नमस्कार. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे: कर्ज काढू नका. कारण पुढे सांगतो. पण तुमचा ताजा कलम वाचला आणि बाकीचं पत्र बाजूला ठेवावं लागलं.

पीपीटी म्हणजे हप्ते भरायची मुदत, पीटी म्हणजे पॉलिसीची मुदत. तुम्ही दहा वर्षं हप्ते भरायचे आहेत आणि पैसे विसाव्या वर्षी मिळणार आहेत. तुमच्याकडे आहे ती एफडी नाही, आयुर्विम्याची पॉलिसी आहे. एफडीला दरवर्षी हप्ता नसतो, बाँड नसतो आणि वारसाच्या रकान्याशेजारी ‘विमा रक्कम 15 लाख’ असं छापलेलं नसतं. बँकेच्या काउंटरवर विकली गेली म्हणून ती बँकेची ठेव होत नाही. पाच वर्षांत साडेसात लाखांचे 10 लाख व्हायचे तर वर्षाला 10 टक्के व्याज लागतं. सुरक्षित ठेवीवर आज हा दर कुठलीही मोठी बँक देत नाही. हा आकडा ज्यांनी तुम्हाला तोंडी सांगितला, त्यांनी तो कागदावर कुठेही लिहिलेला नाही, हे तुमच्याच फोटोंत दिसतंय.

आता पाचव्या वर्षी खरंच काय होईल ते पाहा. तोवर तुम्ही साडेसात लाख भरलेले असतील. पॉलिसी मोडलीत तर हमीचं सरेंडर मूल्य त्याच्या निम्मं, म्हणजे पावणेचार लाख. कंपनी वेगळं काढते ते विशेष सरेंडर मूल्य त्याहून जास्त निघू शकतं, पण भरलेले पैसे तरी पूर्ण परत येतील याची खात्री नाही. 10 लाखांचा विषयच नको. तुमचं मशीन, तुमचं तांबं, तुमचा बॉयलर सगळं या न येणाऱ्या 10 लाखांवर उभं आहे.

आणि वीस वर्षं थांबलात तर? पॉलिसीच्या तक्त्यात 32 लाख दिसतात. 15 भरून 32, दुपटीहून जास्त, असंच सांगितलं असणार. हिशेब केला तर हा परतावा वर्षाला जेमतेम 5 टक्के पडतो. तेच दीड लाख दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकून खातं मुदतवाढ घेत वीस वर्षं ठेवलं असतं, तर 7 टक्क्यांनी साधारण 43 लाख झाले असते. अकरा लाखांचा फरक, तोही सरकारी हमीसकट. कर वाचवायला ही ‘एफडी’ घेतली असंही तुम्ही लिहिलं आहे. नव्या करप्रणालीत 80-सीची वजावट नाही. पगाराच्या स्लिपवर तुमची करप्रणाली कोणती ते बघा. नवी असेल तर तेही कारण उरत नाही.

मला या विक्रीची चीड येते. टूलरूममध्ये शतांश मिलिमीटर जपणारा माणूस बँकेत जातो, समोरच्यावर विश्वास ठेवतो, आणि त्याच्या हातात वीस वर्षांचा करार पाच वर्षांचा म्हणून ठेवला जातो.

तर काय करायचं? पाहणी मुदत, म्हणजे पॉलिसी विनाकारण परत करायचे सुरुवातीचे दिवस, केव्हाच उलटून गेले. तरी तक्रारीचा मार्ग खुला आहे. विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा: मला मुदत ठेव म्हणून विकली, पाच वर्षांची सांगितली, हप्ते परत करा. पॉलिसी देण्याआधीच्या पडताळणी कॉलचं रेकॉर्डिंगही मागा. त्या कॉलवर तुम्ही बहुधा प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हटलं असेल, आणि कंपनी तेच पुढे करेल. म्हणून बँकेशी झालेले मेसेज, पासबुकातली नोंद, कुणी पेनाने आकडे लिहून दिलेला कागद, जे असेल ते जोडा. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तीच तक्रार नोंदवा. कंपनीने नाकारली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं, तेवढं लक्षात ठेवा.

पैसे परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही. नाही मिळाले तर दोन वाटा राहतात: सरेंडर किंवा पेड-अप. दोन हप्त्यांवर हमीचं सरेंडर मूल्य 90 हजार ते एक लाखाच्या घरात असेल. पेड-अप म्हणजे पुढे हप्ता नाही, आणि भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी झालेली रक्कम मुदतीअखेर मिळते. कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी घ्या. आजच्या सरेंडर रकमेला 3.4 ने गुणा, कारण 7 टक्क्यांनी अठरा वर्षांत एक रुपयाचे तेवढे होतात. गुणाकार पेड-अपच्या रकमेपेक्षा मोठा आला तर मोडा, लहान आला तर पेड-अप ठेवा.

इथे एक प्रामाणिक बाजूही आहे. पहिल्या दोन हप्त्यांचं नुकसान होऊन गेलेलं आहे. आजपासून पुढचाच हिशेब धरला, तर ही पॉलिसी चालू ठेवण्याचा परतावा साधारण 6 टक्के पडतो. बाहेर पडून 7 टक्क्यांना गुंतवलं, तर विसाव्या वर्षी साधारण साडेतीन लाखच जास्त. म्हणजे तुमच्या बाबतीत टक्क्यांपेक्षा तारीख महत्त्वाची आहे. मुलीची कॉलेजची फी दीड-दोन वर्षांवर आहे आणि हा पैसा तुम्ही 67 वर्षांचे झाल्यावर येणार. म्हणून तुमच्या जागी मी असतो तर तिसरा हप्ता भरला नसता.

पण त्याआधी टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा. घरात कमावणारे तुम्ही एकटे, आणि पंधरा लाखांचा विमा म्हणजे तुमचा दीड वर्षाचाही पगार नाही. एक कोटीचा साधा टर्म प्लॅन, साठीपर्यंतचा. तो हातात आला की मगच जुनी पॉलिसी सोडा. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, तेवढा वेळ पुरेल. आरोग्य विमा फक्त कारखान्याचा आहे असं दिसतं. नोकरी सुटली की तो सुटतो. कुटुंबाचा स्वतंत्र घ्या, तोही आत्ताच, पन्नाशीच्या आत.

आता इंजिन.

4 लाखांचं पर्सनल लोन 13 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर महिन्याला 9,100 हप्ता, एकूण फेड साडेपाच लाखांच्या आसपास. पॉलिसीचे 12,500 चालू ठेवून हे वर घेतलंत तर पगाराचा चौथा हिस्सा संपला. शिवाय त्याची गरजच नाही. वाफेचं इंजिन एका दिवशी 7 लाख मागत नाही. आधी फ्रेम प्लेट, मग चाकं आणि आस, मग सिलिंडर आणि त्यात वाफ आत-बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह गिअर. एवढं झालं की चासी कॉम्प्रेस्ड हवेवर फिरवून बघता येते. बॉयलरचं तांबं आणि ते चांदीमिश्रित धातूने जोडणं (सिल्व्हर ब्रेझिंग), म्हणजे सगळ्यात महाग भाग, तिसऱ्या-चौथ्या वर्षी लागतो. थांबलेल्या पॉलिसीचे महिना 12,500 आहेतच. निम्मे विमा आणि मुलीच्या शिक्षणाकडे, निम्मे इंजिनाला. महिना 6,000 म्हणजे पाच वर्षांत 3 लाख 60 हजार, व्याज न भरता.

त्यात सव्वासात इंची इंजिन बसत नाही, आणि पहिलंच इंजिन तेवढं मोठं करू नका असं मी कळकळीने सांगतो. माथेरानचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, दोन फूट, म्हणजे 610 मिमी. सव्वासात इंच म्हणजे 184. प्रमाण 3.3 ला एक. वजन घनाने घटतं, म्हणजे मूळच्या दर टनामागे तुमच्या मॉडेलमध्ये 27 किलो. मूळ इंजिन कित्येक टनांचं आहे, तेव्हा हे मॉडेल दोघांना उचलणार नाही. ट्रॉली, वाहतूक, आणि सगळ्यात मोठं म्हणजे रूळ टाकायला जागा, हे तुमच्या 7 लाखांत कुठेच नाही. तेच इंजिन फुटाला 16 मिमी या प्रमाणात, म्हणजे 1:19 मध्ये केलं, तर दोन फुटी गेज 32 मिमीच्या रुळावर बसतो. लहान बेंच लेथवर काम होतं, आणि गॅसवर पेटणारा खरा बॉयलर त्यातही बसवता येतो.

काम त्यातही भरपूर आहे. 1907 साली सुरू झालेल्या या मार्गाची ओरेनस्टाइन अँड कोपेलची इंजिनं माथेरानच्या वळणांवर वळायची ती क्लीन-लिंडनर आसामुळे. आत भरीव आस, बाहेर चाकं बसवलेला पोकळ आस, मधे गोलाकार सांधा आणि फिरवणारी पिन. बाहेरचा आस वळणावर तिरका होतो, आतला सरळ राहून क्रँकबरोबर फिरत राहतो. हे 32 मिमीच्या गेजमध्ये अचूक बसवणं तुमच्या हाताला शोभेल असं आव्हान आहे, आणि तिथे चूक झाली तर वाया जातो तो थोडासा गोल बार.

बॉयलरवर मात्र काटकसर नको. बॉयलर कायदा 25 लिटरपेक्षा कमी क्षमतेला लागू होत नाही, म्हणजे तपासणीला कुणी निरीक्षक येणार नाही. पाण्याने दुप्पट दाबाची हायड्रॉलिक चाचणी आणि सेफ्टी व्हॉल्व्हची खात्री तुम्हालाच करायची आहे. जमत नसेल तर चाचणी झालेला तयार बॉयलर घ्या.

15 लाखांच्या विक्रीचं गृहीत हिशेबातून काढून टाका. रविवारचे आठ तास धरले तर पाच वर्षांत 2,000 तास होतात. सात लाख साहित्य वजा जाता तासाला 400 रुपये उरतात, साधारण तुमच्या पगाराएवढेच, आणि तेही ग्राहक मिळाला तर. त्या ग्राहकाकडे सव्वासात इंची रूळही हवेत. हे इंजिन स्वतःसाठी बांधा आणि विक्रीची किंमत शून्य धरा.

या आठवड्यात दोन कामं करा. टर्म विम्याचा अर्ज भरून वैद्यकीय तपासणीची तारीख घ्या. आणि बँकेत जाऊन पॉलिसीचा ऑटो-डेबिट कोणत्या तारखेला आहे ते विचारा, तो थांबवायचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. फोनवर ‘करतो’ म्हणाले तर त्यावर विसंबू नका, तारीख चुकली तर दीड लाख पुन्हा जातील.