वाचकांचे प्रश्न: वाड्यालगतचा विहार आणि पंचायतीतली हरकत

प्रश्न : आमच्या वाड्यात तीस-पस्तीस घरं आहेत. वाड्याच्या टोकाला असलेल्या काजूच्या भाटात (बागेत) बौद्ध विहार बांधण्याचं घाटतंय, असं कानावर आलं. जागेवर फलक नाही, आम्हाला नोटीसही नाही. वाट अरुंद आहे आणि घरोघरी विहिरी आहेत. ग्रामसभेत ठराव घेतला तर काम थांबेल का? हरकत कुठे नि कशी द्यायची?
– एक वाचक, डिचोली तालुका, गोवा

उत्तर : नुसत्या ठरावानं काम थांबत नाही. बांधकाम परवाना ग्रामसभा देत नाही, पंचायत मंडळ देतं, आणि तो नाकारायचा तर मंडळालाही कायद्यातली कारणं दाखवावी लागतात. ठराव घ्या, पण त्यात विरोध नोंदवून थांबू नका. रस्ता मोजा, विहिरींची अंतरं तपासा, या कामासाठी तो वापरा.

शेजाऱ्यांना घरोघरी नोटीस देण्याची पद्धत आपल्याकडे नाही. त्यामुळे नोटीस आली नाही म्हणजे काही लपवलं जातंय, असं धरून चालू नका. माहिती आपणच काढायची. आधी सर्व्हे नंबर आणि सब-डिव्हिजन मिळवा. भूमापन खात्याच्या संकेतस्थळावरून फॉर्म एक व चौदा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा, आणि जागेचा नकाशा घ्या. मग प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये ती जागा कोणत्या झोनमध्ये दाखवली आहे ते पाहा. पणजी, मडगाव, मुरगावसारख्या नियोजन क्षेत्रात असाल तर बाह्य विकास आराखडा, म्हणजे ओडीपी पाहायचा.

काजूचं भाट बहुतेकदा 'ऑर्चर्ड' (बागायत) म्हणून दाखवलेलं असतं. तसं असेल तर आधी झोन बदलावा लागेल, आणि तुमच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी खिडकी तीच. नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम ३९-अ खाली झोन बदलायचा झाल्यास प्रस्ताव जाहीर करून हरकती-सूचनांसाठी ३० दिवस द्यावे लागतात. ही सूचना राजपत्रात येते, वाड्यावर कोणी आणून देत नाही. वाड्यातल्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलावर दर आठवड्याला राजपत्र चाळायचं काम सोपवा. मुदत टळल्यावर दिलेल्या हरकतीला पोस्टकार्डाइतकीच किंमत.

जागा आधीच 'सेटलमेंट'मध्ये, म्हणजे वस्तीच्या झोनमध्ये, असेल तर ती खिडकी नाही. मग फाइल नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, जिल्हाधिकाऱ्यांची रूपांतरणाची सनद, आरोग्य केंद्राचा दाखला आणि शेवटी पंचायतीचा परवाना अशी फिरते. तुमचं पत्र प्रत्येक टेबलावर वेगळं गेलं पाहिजे. विहिरीचा मुद्दा आरोग्य केंद्राला, रस्ता आणि पार्किंग नगर नियोजनाला, पावसाच्या पाण्याचा निचरा पंचायतीला. एकच पत्र सगळ्यांना पाठवलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. प्रत्येक प्रतीवर शिक्का आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पंचायतीनं मुदतीत निर्णय कळवला नाही तर अर्जदाराला पंचायत उपसंचालकांकडे अपिलात जाता येतं. 'पंच गप्प बसले, आता परवाना मिळत नाही' हा समज म्हणून महागात पडतो. गप्प बसलेली पंचायत अटी घालायची संधीही घालवते.

आता हरकतीत काय लिहायचं. 'बौद्ध' हा शब्द कारण म्हणून कुठंही येता कामा नये. घटनेच्या २५ आणि २६ व्या कलमांनी प्रार्थनास्थळ बांधण्याचा नि चालवण्याचा हक्क सगळ्यांना सारखाच आहे. धर्माकडे बोट दाखवणारं एक वाक्य तुमच्या विहिरीच्या खऱ्या मुद्द्यालाही बुडवतं. पत्र लिहून झालं की 'विहार' खोडून तिथे 'मंगल कार्यालय' लिहा आणि पुन्हा वाचा. जे वाक्य तरीही टिकतं ते ठेवा, बाकीचं काढा. दोनशे सह्या आणि 'वाड्याची शांतता भंगेल' एवढाच मजकूर, अशी पत्रं कार्यालयात आली तशीच फायलीत जातात.

सगळ्यात भक्कम मुद्दा सांडपाण्याचा. आपल्याकडचा चिरा (जांभा दगड) सच्छिद्र आणि भेगाळलेला असतो. सोकपिटातलं, म्हणजे सांडपाणी जिरवणाऱ्या शोषखड्ड्यातलं, पाणी मातीतून हळूहळू गाळून जाण्याऐवजी भेगेतून थेट वाट काढतं. भारतीय मानक २४७० प्रमाणे सोकपिट पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर दूर हवा. टेप घेऊन प्रत्येक विहिरीपासून नकाशातल्या सोकपिटापर्यंतचं अंतर मोजा, आणि विहिरीतल्या पाण्याची पातळी ऑगस्टमधली लिहा, एप्रिलमधली नको. एप्रिलमध्ये खोल गेलेलं पाणी ऑगस्टमध्ये काठाशी येतं. खड्ड्याचा तळ पाण्यात बुडाला की तो शोषत नाही, उलट भरून वाहतो.

इथे विहाराच्या दिनक्रमातली एक गोष्ट नेमकी आडवी येते. भिक्खूंचा वर्षावास, म्हणजे एकाच ठिकाणी राहण्याचा काळ, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे ऐन पावसात. शोषखड्डा सगळ्यात कमकुवत असतो तेव्हाच विहारात राहणारी माणसं सगळ्यात जास्त. आराखड्यात 'ध्यानकक्ष' लिहिलेल्या खोल्या निवासासाठी आहेत का, किती जणांसाठी, हे लेखी विचारा. २० जण राहिले तर माणशी १३५ लिटरप्रमाणे दिवसाला २,७०० लिटर पाणी लागेल. त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर २,१६० लिटर. उत्सवाला २०० माणसं आली तर माणशी १५ लिटरप्रमाणे आणखी ३,००० लिटर. हे आकडे सेप्टिक टँकच्या आकारमानाशेजारी मांडले की आरोग्य अधिकाऱ्याला दाखला देण्याआधी विचार करावा लागतो.

दुसरा मुद्दा सभागृहाच्या क्षमतेचा. नकाशात १५० चौरस मीटरचा हॉल आहे असं समजा. राष्ट्रीय इमारत संहिता आसनव्यवस्था नसलेल्या जागेत माणशी १.५ चौरस मीटर धरते, खुर्च्या असतील तर ०.६. म्हणजे त्याच हॉलमध्ये एका हिशेबानं १०० माणसं, दुसऱ्यानं २५०. अर्जदार साहजिकच पहिला आकडा देतो. बुद्धपौर्णिमेला खुर्च्या मांडल्या की दुसरा खरा ठरतो. निम्मी माणसं एका गाडीत चौघं याप्रमाणे आली तर १०० जणांना १३ गाड्यांची जागा लागते, २५० जणांना ३२. उघड्यावर एका गाडीला, वळायच्या जागेसकट, २३ चौरस मीटर धरतात. म्हणजे ३०० चौरस मीटरचा प्रश्न ७३६ वर जातो, आणि दुचाक्या अजून मोजलेल्याच नाहीत. 'हॉलची कमाल क्षमता परवान्यावर लिहा आणि पार्किंग त्या आकड्यावर काढा' ही मागणी कुठलाही अधिकारी हट्ट म्हणून झटकू शकत नाही.

वाटेची रुंदी दर २० मीटरवर मोजा, चिऱ्याच्या दोन गडग्यांमधली (कुंपणाच्या भिंतींमधली), फोटोसकट. नकाशावरची रुंदी आणि जागेवरची यांत बऱ्याचदा मीटरभराचा फरक असतो. हिशेबात धरायची ती सगळ्यात अरुंद जागा, कारण अग्निशामक बंब तिथेच अडकतो. गडगा तुमच्याच शेजाऱ्यानं पुढे सरकवलेला असेल तर तेही उघड होईल, याची तयारी ठेवा.

आवाजाबाबत सन २००० चे ध्वनी प्रदूषण नियम पुरेसे स्पष्ट आहेत. निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्रीच्या वेळेत उघड्यावर नुसते लाउडस्पीकरच नव्हे, आवाज करणारं कोणतंही साधन वापरता येत नाही. पहाटे साडेचारची घंटा अंगणात वाजणार असेल तर ती रात्रीत मोडते, बंद सभागृहात वाजली तर प्रश्न वेगळा. लोक घंटेवर भांडतात आणि जनरेटर विसरतात. प्रमाणित आवरणातल्या जनरेटरला एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ढोबळमानानं ६ डेसिबलनं उतरतो. या हिशेबानं ५५ वर यायला सुमारे १० मीटर लागतात आणि रात्रीच्या ४५ वर यायला ३० मीटरपेक्षा थोडं जास्त. तुमच्या झोपायच्या खोलीपासून जनरेटरचं अंतर नकाशावर पट्टीनं काढा. हीच पट्टी उद्या वाड्यातल्या देवळाच्या भजनाला आणि चॅपलच्या फेस्तालाही लागेल, हे मात्र सह्या करण्याआधी आपसात बोलून घ्या.

जागा उताराची असेल तर आणखी एक पाहा. डोंगर कापायला किंवा सखल जमीन भरायला कलम १७-अ खाली मुख्य नगर नियोजकांची वेगळी लेखी परवानगी लागते. चार मीटर आडव्या अंतरात एक मीटरहून जास्त चढ असेल, म्हणजे उतार २५ टक्क्यांहून तीव्र असेल, तर तिथे बांधकाम बसत नाही. काजूची झाडं तोडायला १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी हवी.

शेवटी काय मागायचं? आमचा सल्ला असा की नकार मागण्यापेक्षा अटी मागा. सोकपिट विहिरींच्या विरुद्ध बाजूला, निवासाची कमाल संख्या, जनरेटर मागच्या कोपऱ्यात, उत्सवाच्या दिवशी पार्किंग मुख्य रस्त्यालगत आणि तिथून चालत. अशा अटी परवान्यावर छापून आल्या तर पुढे त्या मोडल्याचं दाखवून तक्रार करता येते. नकार अपिलात फिरला की हातात काहीच उरत नाही.

प्रश्न : शेजारच्या बंगल्यात दर रविवारी वंदना आणि ध्यान चालतं. आता तळमजल्याच्या भिंती पाडून मोठी खोली केली आहे. घरात प्रार्थना करायला परवाना लागतो का?
– वाचक, पर्वरी

उत्तर : घरात प्रार्थनेला परवाना लागत नाही. दहा-पंधरा पाहुणे आले तरी लागत नाही. घर ते घरच राहतं. लागतो तो वापर बदलला तर. बाहेर फलक लागला, वेळापत्रक जाहीर झालं, दानपेटी आली, घरात कोणी राहतच नाही, रविवारी पन्नासेक जोड चपला पायरीवर दिसतात, तेव्हा ते निवासी घर उरत नाही. वापर बदलणं हाही नियोजन कायद्याच्या भाषेत 'विकास'च आहे आणि त्याला मंजुरी हवी.

भिंती पाडल्या हा त्याहून सरळ मुद्दा आहे. आतली भार घेणारी चिऱ्याची भिंत काढली तर वरचा स्लॅब कशावर उभा आहे, हे अभियंत्यानं लिहून द्यावं लागतं. तक्रार तेवढीच करा. तीन रविवारच्या तारखा, वेळा आणि उभ्या वाहनांची संख्या एका कागदावर लिहा. माणसांचे फोटो काढू नका, वाहनांचे आणि बांधकामाचे पुरे. पण त्याआधी एकदा बेल वाजवून बोला. रविवारी फाटकासमोर गाडी लावू नका एवढंच सांगायचं असेल, तर त्यासाठी कायदा कशाला?

प्रश्न : आम्ही काही कुटुंबं मिळून छोटा विहार बांधू पाहतो. जागा बघतो आहोत. विरोध होऊ नये म्हणून आधीच काय करावं?
– वाचक, फोंडा तालुका

उत्तर : विसार देण्याआधी झोन पाहा. निम्म्या अडचणी इथेच संपतात. भातशेती स्वस्त मिळते म्हणून भुलू नका: २०२३ च्या कायद्यानं शेतकरी नसलेल्याला ती हस्तांतरित करण्यावर निर्बंध आहेत, आणि कुळाला मिळालेली जमीन १९९१ च्या भू-वापर कायद्यानं शेतीबाहेर वापरता येत नाही. खाजन (बांध घातलेली खारी जमीन) किंवा भरतीचं पाणी येणाऱ्या नदीच्या काठची जागा असेल तर किनारी नियमन क्षेत्राची रेषा कुठून जाते ते तपासा. अशा नदीकाठी १०० मीटर किंवा पात्राची रुंदी, यांतलं जे कमी ते धरतात.

जागा संस्थेच्या नावावर घ्या, कोणा एकाच्या नको. आपल्याकडची देवस्थानं १९३३ च्या महाजनी कायद्याखाली चालतात, तुमचा विहार त्यात बसणार नाही. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदणी करा आणि संस्थेच्या घटनेत विहाराचा वापर स्पष्ट लिहा.

वास्तुविशारदाकडे जाण्याआधी जमीन पाणी किती शोषते ते तपासून घ्या. सोकपिटाच्या जागी खड्डा खणून त्याच्या तळाशी वीतभर रुंदीचं भोक पाडा, रात्रभर पाणी भरून माती भिजवा, आणि दुसऱ्या दिवशी पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजा. ३० मिनिटांपेक्षा जास्त लागली तर सोकपिट चालणार नाही, दुसरी व्यवस्था हवी. दोन-तीन मिनिटांत सरकन उतरलं तर खूश होऊ नका. खाली भेग आहे आणि तिचं दुसरं तोंड कदाचित शेजाऱ्याच्या विहिरीत आहे. ही चाचणी कोरड्या मे महिन्यात करून काम भागवणारे पहिल्याच पावसाळ्यात फसतात.

मग नकाशा घेऊन वाड्यात जा, अर्ज दाखल करण्याआधी. वर्षभरातले गर्दीचे दिवस तारखेनिशी लिहून द्या: १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर, वर्षावासाची सुरुवात आणि सांगता. उरलेल्या दिवसांत किती माणसं असतील तेही सांगा. लोकांना रोजच जत्रा भरेल अशी भीती असते, आणि सहा तारखांचा कागद ती पुष्कळ कमी करतो.

प्रश्न : परवान्यात एक मजला, बांधताहेत दोन. तक्रार कोणाकडे?
– वाचक, बार्देश

उत्तर : पहिली तक्रार पंचायतीच्या सचिवांकडे, प्रत नगर नियोजन खात्याच्या तालुका कार्यालयाला. काम थांबवण्याचा आणि विनापरवाना भाग पाडण्याचा अधिकार आधी पंचायतीचा आहे. तिनं हालचाल केली नाही तर पंचायत उपसंचालकांकडे जा. सोबत मंजूर नकाशाची माहिती अधिकारात मिळवलेली प्रत आणि स्लॅबच्या शटरिंगचा तारखेसह फोटो जोडा. स्लॅब पडायच्या आत गेलात तर काम थांबतं, नंतर गेलात तर दंड भरून नियमित करण्याच्या गोष्टी सुरू होतात. ती वेळ गेलीच असेल, तर भोगवटा दाखल्यावर लक्ष ठेवा. पूर्णत्वाची तपासणी मंजूर नकाशावरून होते, आणि जास्तीचा मजला तिथे पुन्हा एकदा आडवा येतो.